मदत हवी आहे: रेडिओ स्कॅनरसाठी घरावर कोणता अँटेना लावू? (एडिसन, न्यू जर्सी)

एडिसनकर:
रेडिओ संभाषणं ऐकायच्या स्कॅनरसोबत आलेल्या रबरी अँटेनावर नुसती खरखर येते. छतावर चांगला अँटेना लावायचा आहे. डिस्कोन (अनेक फ्रिक्वेन्सींना चालणारा अँटेना) घेऊ की दुसरं काही? २५ फूट आरजी-५८ केबल पडून आहे, ती चालेल का? शनिवारी शिडी मिळणार आहे, त्याआधी सामान मागवायचंय. लवकर सांगा प्लीज.

तरंगलांबी:
ऐकायचं काय आहे? विमानं, अग्निशमन, जहाजं, हवामान? मॉडेल कोणतं? घर स्वतंत्र की टाउनहाउस? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गच्ची_क्र_४:
डोळे मिटून डिस्कोन घ्या. २५ पासून १३०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं एकाच अँटेनात, उद्या आवड बदलली तरी पुन्हा छतावर चढायला नको. चिमणीला पट्ट्याचा माउंट, त्यावर दहा फुटी पाइप. आरजी-५८ फेका, जाड एलएमआर-४०० केबल आणा.

तरंगलांबी:
२५ फुटांसाठी एलएमआर-४००? विमानांच्या पट्ट्यात तेवढ्या आरजी-५८ मध्ये सुमारे दीड डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) जातो, कानाला फरक कळणार नाही. ८५० मेगाहर्ट्झला मात्र चारेक डीबी जातो. तिथे टीव्हीची आरजी-६ वापरा, तेवढ्याच लांबीत दीडेक डीबी. तिचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) ७५ ओहम आहे आणि स्कॅनरचा ५०, पण नुसतं ऐकायला त्याने काही बिघडत नाही.

एडिसनकर:
सगळंच ऐकायचंय हो. मुख्य म्हणजे नेवार्कची विमानं आणि इथलं अग्निशमन दल. स्कॅनर युनिडेन बीसी१२५एटी.

तरंगलांबी:
हे आधी सांगायला हवं होतं. हा स्कॅनर ५१२ मेगाहर्ट्झपर्यंतच जातो आणि फक्त ॲनालॉग ऐकवतो. न्यू जर्सीची राज्यव्यापी यंत्रणा ७०० मेगाहर्ट्झवर, पी२५ या डिजिटल पद्धतीची. तुमचं दल तिच्यावर किंवा दुसऱ्या कुठल्या डिजिटल यंत्रणेवर गेलं असेल, तर जगातला कुठलाही अँटेना लावा, ते येणार नाही. तुमच्या काउंटीची फ्रिक्वेन्सी यादी आधी बघा. तिथे डिजिटल लिहिलं असेल तर तो विषय सोडा आणि फक्त विमानांसाठी अँटेना करा.

सह्यकडा:
भारतात असा रेडिओ विनापरवाना घरात ठेवू नका. १९३३च्या वायरलेस कायद्यापासून उपकरण नुसतं बाळगायलाही परवाना लागत आला आहे.

गच्ची_क्र_४:
धागाकर्ता न्यू जर्सीत आहे. डिस्कोनबद्दल कुणाचा आक्षेप आहे का?

तरंगलांबी:
माझा आहे. डिस्कोनला गेन (सिग्नल वाढवायची क्षमता) जवळपास शून्य, आणि तो एफएमची ८८ ते १०८ सुद्धा तितक्याच आनंदाने गोळा करतो. न्यूयॉर्कचे बलाढ्य एफएम प्रक्षेपक एडिसनपासून लांब नाहीत. विमानांच्या चॅनेलवर गाणी ऐकू आली तर स्कॅनरचा सिग्नल घेणारा पहिला भाग एफएमच्या जोराने गुदमरलाय असं समजा. मग एफएम नॉच फिल्टर (तेवढाच पट्टा अडवणारा) लावावा लागेल.

उपग्रहप्रेमी:
१३७ मेगाहर्ट्झचा क्यूएफएच अँटेना बनवा, नोआ हवामान उपग्रहांची चित्रं मिळतील.

तरंगलांबी:
नोआ १५, १८ आणि १९ तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले. रशियाचे मेटिओर आहेत, पण त्यांचा डिजिटल सिग्नल या स्कॅनरच्या अरुंद पट्ट्यात मावत नाही. शिवाय ते कुणी विचारलेलं नाही.

एडिसनकर:
यादीत अग्निशमन पी२५ आहे. ठीक, विमानंच. पण टाउनहाउस आहे, घरमालकांची असोसिएशन छतावर काही लावू देत नाही. टीव्ही अँटेनाला परवानगीचा केंद्रीय नियम आहे म्हणतात?

गच्ची_क्र_४:
तो एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा) नियम टीव्ही अँटेना आणि एक मीटरपर्यंतच्या डिशसाठी. स्कॅनर त्यात बसत नाही. पण छताखालच्या पोटमाळ्यातही डिस्कोन लावता येतो.

तरंगलांबी:
लावता येतो, पण गरज नाही. पोटमाळ्यात पाव तरंगाचा ग्राउंड प्लेन अँटेना (पाव तरंगलांबीची उभी वायर आणि खाली चार आडव्या) करा. चार भोकांचं एसओ-२३९ सॉकेट, एक पीएल-२५९ प्लग, स्कॅनरच्या बीएनसी जोडणीसाठी ॲडॅप्टर आणि १२ गेजची भरीव तांब्याची वायर तीन मीटर. ७१.२५ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे मीटरमध्ये लांबी. विमानांच्या पट्ट्याच्या मधोमध, १२७ ला, ५६ सेंमी. ही उभी वायर मधल्या पिनला डाखा. चार आडव्या वायरी ५९ सेंमीच्या, भोकांत स्क्रूने आवळून ४५ अंश खाली वाकवा. त्या सरळ आडव्या ठेवल्या तर इम्पीडन्स ३६ ओहमच्या आसपास राहतो, वाकवल्या की ५० जवळ येतो. नायलॉनच्या दोरीने वाशाला टांगा, उभी वायर उभीच राहू दे. विमानांच्या रेडिओ लहरींचं ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) उभं असतं, अँटेना आडवा झाला की सिग्नल खूप पडतो.

छताखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा इन्सुलेशन पडदा असेल तर मात्र हे सगळं वाया. डांबरी शिंगल असेल तर अडचण नाही. एसीच्या डक्टपासून मीटरभर लांब ठेवा.

गच्ची_क्र_४:
आणि अर्थिंग? अँटेना म्हटलं की अर्थिंग हवंच.

मीटरपेटी:
ते बाहेरच्या मास्टला (अँटेनाच्या खांबाला). तिथे विद्युत कोडनुसार किमान १० गेज तांबं, केबलला डिस्चार्ज युनिट (साठलेला विद्युतभार जमिनीत सोडणारं), आणि वेगळा रॉड ठोकला तर तो घराच्या मूळ अर्थला ६ गेजने जोडायचा. रॉड आठ फुटी असतो, ठोकण्याआधी ८११ ला (खोदण्याआधी कळवायचा नंबर) फोन करा, खाली गॅसची लाइन असू शकते. पोटमाळ्यात मास्ट नाही, पण गडगडाट सुरू झाला की केबल स्कॅनरमधून काढून ठेवा.

एक राहिलं. ती खरखर अँटेनामुळेच आहे का, हे आधी तपासा. स्कॅनर बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन ब्रेकर बंद करा. खरखर पडली तर दोष एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरचा (आतल्या वीजपुरवठ्याचा) किंवा चार्जरचा. विमानांचा पट्टा एएम आहे, त्यात असा गोंगाट सरळ शिरतो. एकेक ब्रेकर लावत गेलात की चोर सापडतो.

एडिसनकर:
शिंगलच आहेत, पडदा नाही. ब्रेकरचं आज रात्री करतो. ११८.३ वर नेवार्कचा टॉवर ऐकू येईल का?

तरंगलांबी:
विमानं नक्की, टॉवरची खात्री नाही. तीन हजार मीटरवरच्या विमानाचं रेडिओ क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरवर असतं. टॉवरचा अँटेना मात्र जमिनीलगत, आणि मध्ये सगळी वस्ती. पोटमाळ्यात जितकं वर टांगाल तितकी शक्यता वाढेल. केबल कपाटाच्या छतातून खाली घ्या आणि भोक अग्निरोधक सीलंटने बुजवा.