घरचं शिलाई मशीन: तुम्ही काय दुरुस्त केलंत?

ऐरोली
पावसाळा सरत आला की आमच्या सोसायटीत एकच रड: मशीन जड झालंय. खाडीकाठची दमट हवा, नवरात्राच्या घागऱ्यांची घाई, आणि मिस्त्री फोन उचलत नाही. म्हणून हा धागा. पायाचं काळं मशीन असो की ऑटोमॅटिक, घरच्या घरी काय दुरुस्त केलंत ते लिहा. ‘नवीनच घ्या’ हा सल्ला नको, तो दुकानदार फुकट देतो.

नौपाडा
सासूबाईंचं काळं उषा अजून चालतंय. टाके सुटायला लागले की मी आधी सुई बघते. टोकावरून नख फिरवायचं, खरखरली तर सरळ टाकून द्यायची. बसवताना दोरा ज्या बाजूने ओवतो त्या बाजूला सुईची लांब खाच, चपटी बाजू विरुद्ध. शिफॉनला 11, ब्लाउजच्या कॉटनला 14, जीन्सला 16 किंवा 18 नंबर. आणि कृपा करून खोबरेल घालू नका! आमच्या जाऊबाईंच्या मशीनमध्ये ते डिंकासारखं बसलं होतं.

घणसोली
माझं ऑटोमॅटिक. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, खाली ठेवून दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. मला एका सर्व्हिसवाल्याने याच गुंत्यासाठी ‘पार्ट बदलावा लागेल’ म्हणून सांगितलं होतं. सुईखालची प्लेट काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कापूस ब्रशने काढा, फुंकू नका, तो आणखी आत जातो.

कळवा
26 जुलै 2005. आमचं घर चाळीत, तळमजल्यावर. पाणी ओसरलं तेव्हा आईच्या मशीनच्या चाकापर्यंत गाळ होता. अप्पा कारखान्यात फिटर. त्यांनी मागचे स्क्रू सैल करून डोकं टेबलावरून उतरवलं, आधी गोड्या पाण्याने धुतलं, मग परातीत ठेवून तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेल सोडलं. चाक हलेना. जोर नाही लावला, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चाक बोटभर हललं, मागे-पुढे, मागे-पुढे करत सुटलं आणि खालून तांबडं पाणी गळायला लागलं. रॉकेलनंतर मशीनचं तेल घालायलाच हवं. रॉकेल जुनं वंगणही धुऊन नेतं, उघडं लोखंड लगेच गंजतं.

सगळं जोडलं तर चाक फिरतंय आणि सुई ढिम्म! आई म्हणाली, “झालं, गेलं मशीन.” चाकाच्या मध्यात मोठा गोल स्क्रू असतो, त्याच्यामागच्या वॉशरला दोन छोटे कान असतात. अप्पांनी वॉशर अर्धा फेरा फिरवून परत बसवला. सुई चालली. टेबलाची फळी मात्र फुगली होती, ती सुताराकडून बदलून घेतली.

किसननगर
कळवेकर दादा, वॉशरचं लाख बोललात. एक भर: जाड कापडावर सुई तुटली आणि नवी घालूनही टाके सुटत असतील, तर सुईचा दांडा सरकलेला असू शकतो. ते टायमिंगचं, म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ बसवायचं काम, तिथे मिस्त्रीच बोलवा. जड चालण्याचं म्हणाल तर तेलाआधी पट्टा बघा. चामडं दमट हवेत ताणतं, आपण तुकडा कापून पिन मारतो, आणि जरा जास्तच कापला गेला की पायडल जड.

नेरूळ
बॉबिन भरायच्या चाकावरचं रबर झिजलंय, बॉबिन ढिली भरते. कुठे मिळेल?

नौपाडा
ताई, शिलाई साहित्याच्या दुकानात मिळतं. जुनं रबर सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.