दिवसभराचे पाळणाघर की तीन तासांची बालवाडी?

प्रश्न

आम्ही दोघेही पाळीत काम करतो. उत्पन्न बेताचे असल्यामुळे एकाने काम सोडले तर घर चालणार नाही. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बालवाडीत रीतसर शिकवतात, परंतु ती तीन तासांत सुटते आणि पुढचे पाच-सहा तास मुलीला कधी या घरी, कधी त्या घरी सोपवावे लागते. पाळणाघर दिवसभर सांभाळते, मात्र तिथे अक्षरओळख किंवा अंक शिकवत नाहीत. शिकवण्याच्या हट्टापायी तिची आबाळ होऊ नये असे वाटते. त्याच वेळी, ज्या घरांतील मोठ्यांना वेळ आहे तिथली मुले पहिलीत तिच्या पुढे निघून जातील, ही भीतीही मनातून जात नाही. अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : बालवाडी शिक्षिका

सांभाळणे वेगळे आणि शिकवणे वेगळे, ही विभागणी मोठ्यांनी केलेली आहे. मुलांना ती ठाऊक नसते. हात धुवून देताना ‘पाणी गार आहे की कोमट?’ असे विचारून उत्तरासाठी थांबणारी ताई त्या क्षणी शिकवतच असते. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या बोटांना अक्षरे गिरवण्याची घाई नको. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे यांतूनच पुढे पेन्सिल धरण्याचे बळ येते.

म्हणून पाळणाघरात एकदा तासभर शांतपणे बसून या. भिंतीवरचे तक्ते पाहू नका, कान द्या. ताई मुलांशी बोलतात की केवळ ‘बस, ऊठ, गप्प राहा’ एवढेच म्हणतात? एका ताईकडे किती मुले आहेत? रडणाऱ्या मुलाजवळ कोणी जाते का? ताई वरचेवर बदलत असतील, तर ती मला सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण या वयात शिकणे ओळखीच्या माणसाच्या आधाराने होते. दर दिवशी वेगळ्या घरी राहण्यातही हीच अडचण आहे.

उत्तर : शिक्षणशास्त्राचा अभ्यासक

आपला प्रश्न जुना आहे आणि बालशिक्षणाचा इतिहास बराचसा त्यातूनच घडला आहे. रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ मध्ये स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे गिरणी कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा उघडली. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत सुरू झाले, तेही आई-वडील दिवसभर कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी. ते मुलांच्या राहत्या इमारतीतच होते आणि शिक्षिकेनेही तिथेच राहावे अशी व्यवस्था होती.

अमेरिकेतील दोन प्रयोग आपल्याला थेट उपयोगी पडतील. मिशिगनमधील पेरी बालशाळेत (१९६२ ते १९६७) गरीब घरांतील मुले रोज साधारण अडीच तास येत आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईसोबत काम करीत. बुद्ध्यांकात दिसलेली वाढ काही वर्षांतच ओसरली. तरीही चाळिशीपर्यंत केलेल्या पाठपुराव्यात, त्या शाळेत न गेलेल्यांच्या तुलनेत, यांच्यापैकी अधिक जणांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले आणि अधिक जण नोकरीत असलेले आढळले. नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅबेसिडेरियन प्रकल्पात मात्र मुले तान्ह्या वयापासून पाच वर्षांपर्यंत, दिवसभर आणि बारा महिने येत. खेळ आणि संभाषण हाच तिथला अभ्यासक्रम होता. एकविसाव्या वर्षी त्यांचे वाचन व गणित तुलनेच्या गटापेक्षा चांगले होते. दिवसभराची व्यवस्था शिक्षणाला मारक असतेच असे नाही, हे यावरून म्हणता येते.

मात्र केवळ तास वाढवून भागत नाही. कॅनडातील क्युबेक प्रांताने १९९७ पासून अल्प शुल्काची पाळणाघरे दिली. आया मोठ्या संख्येने कामावर जाऊ लागल्या, ही मोठीच गोष्ट होती. परंतु पुढील अभ्यासांत मुलांची चिंता व आक्रमकता वाढल्याचेही दिसले. त्यामागे अनेक ठिकाणचा सुमार दर्जा हे एक कारण मानले जाते.

उत्तर : एक पालक

आम्ही केवळ शुल्क कमी म्हणून एक पाळणाघर निवडले होते. मुलगा दिवसभर दूरचित्रवाणीसमोर असे आणि घरी येऊन गप्प बसे. चार महिन्यांनी जागा बदलली, तेव्हा तो पुन्हा बोलू लागला. तासभर बसून पाहण्याचा वरील सल्ला आम्हाला तेव्हा कोणी दिला असता तर फार बरे झाले असते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल तासभर बसून आले. दोन ताई आणि सोळा मुले आहेत. दोघी प्रेमळ आहेत, मुलांची नावे घेऊन बोलतात, दूरचित्रवाणी नाही. गोष्टींची पुस्तके मात्र एकही नाही. आम्ही शुल्कच कसेबसे भरणार. अशा वेळी त्यांना काही सुचवणे योग्य होईल का?

उत्तर : बालवाडी शिक्षिका

अवश्य सुचवा. शुल्क कमी असले तरी मुलीविषयी बोलण्याचा आपला अधिकार कमी होत नाही. तक्रारीच्या सुरात न सांगता, झोपेआधी रोज एक गोष्ट सांगता येईल का, असे विचारा आणि घरातले किंवा वाचनालयातले एखादे पुस्तक आठवडाभर तिथे ठेवा. तीच गोष्ट पाच दिवस ऐकली तरी मुले कंटाळत नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच पुढचे वाक्य सांगू लागतात. घरी परतताना मुलीला ती गोष्ट आपल्याला सांगायला लावा. दमलेल्या दिवशी आपण केवळ ‘मग काय झाले?’ एवढे विचारत राहिलात तरी पुरेल.