गावाबाहेर पळायला रूट कसा शोधायचा?

प्रश्न: छोट्या गावात राहायला आलोय, रोज ५ किमी पळतो, पण मेन रोडला ट्रक फार आणि कडेला जागाच नाही. शेताकडून चांगला रूट कसा शोधू?

उत्तर १: सॅटेलाइट मॅप बघा, कालव्याकडेचा रस्ता दिसला तर तोच पकडा, चढ जवळपास नसतोच. पाणंद पण मस्त, डांबरापेक्षा पायाला मऊ, फक्त पावसानंतर चिखल आणि चाकोऱ्यांत घोटा मुरगळतो, तेव्हा तिकडे नकोच.

उत्तर २: डांबरीवरून जावंच लागलं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा आणि हेडफोन नको प्लीज! कुत्रं मागे लागलं तर पळू नका, थांबा, मग हळूहळू चालत पुढे निघा.