Re: नदीवर आग लागली तर पाण्याची काय कमी?

वर कुणीतरी म्हटलंय की आग विझवणाऱ्या बोटीला पाण्याची चिंताच नाही, अख्खी नदी खाली आहे. वाटतं तसं, पण २२ जून १८६१ ला लंडनमध्ये थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवर गोदामांना आग लागली, तेव्हा नेमकं उलट झालं. थेम्सवर तेव्हा आग विझवायला वाफेच्या पंपाची बोटही होती, पण आग लागली तेव्हा ओहोटी! थेम्सला भरती-ओहोटी जबरदस्त, काठाला नुसता चिखल, मग बोट गोदीला भिडणार कशी आणि पंपाला पुरेसं पाणी मिळणार कसं. त्यात गोदामांत कापूस, ताग, साखर आणि मुख्य म्हणजे चरबी, ती वितळून पेटती नदीत आली म्हणजे पाण्यावरच आग, बोटींनाच मागे हटावं लागलं. अग्निशमन प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून गेले, आग धुमसत राहिली दोन आठवडे.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) ही अग्निशमन सेवा सरकारी नव्हतीच, विमा कंपन्यांनी १८३३ मध्ये मिळून काढलेली. एवढं नुकसान भरल्यावर त्यांनी हात वर केले आणि १८६६ पासून सरकारी अग्निशमन दल सुरू झालं.