मदत हवी आहे: सोडियम-पोटॅशियम एकाच गणात, मग वावरात एक खत आणि दुसरं घातक कसं?

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. दहावीची नऊ मुलं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञानाला येतात. माझं शिक्षण बारावी सायन्सपर्यंतच, म्हणून इथे विचारते आहे.

सध्या मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण चालू आहे. डोबेरायनरचं त्रिक, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन मूलद्रव्यांचा गट, मुलांना फार आवडलं: लिथियमचं अणुवस्तुमान ७, पोटॅशियमचं ३९, सरासरी काढली की मधल्या सोडियमचं २३ येतं. मग मी फळ्यावर कवचांतले इलेक्ट्रॉन मांडले: सोडियमचे २, ८, १ आणि पोटॅशियमचे २, ८, ८, १. शेवटच्या कवचात दोघांचाही एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोघंही गण १ मध्ये (आवर्तसारणीच्या पहिल्या उभ्या स्तंभात), म्हणून गुणधर्म सारखे, असं सांगितलं.

त्यावर एका मुलानं विचारलं, "मॅडम, मंग आमचे बाबा पोटॅश इकत आणून वावरात टाकतात, अन् बोरच्या खाऱ्या पान्यानं तेच वावर खराब होते. असं काऊन?"

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोरचं पाणी देत राहिलं की जमीन ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय, नुसत्या "गुणधर्म सारखे" या उत्तरानं त्यांचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. नेमके कोणते गुणधर्म सारखे असतात? फरक कुठून येतो? परीक्षेपुरतं उत्तर नको.

प्रतिसाद:
ताई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या. गण ठरतो संयुजा, म्हणजे शेवटच्या कवचातल्या, इलेक्ट्रॉनांवरून, त्यामुळे सारखी असते ती संयोग पावण्याची रीत. दोघंही एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. म्हणून मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड आणि पोटॅशच्या गोणीत पोटॅशियम क्लोराइड, दोन्हींत प्रमाण एकास एक. पण पोटॅशियमला एक कवच जास्त, त्याचा आयन (इलेक्ट्रॉन दिल्यावर उरणारा प्रभारित कण) मोठा. पिकाच्या पेशी हा फरक ओळखतात. पर्णरंध्रांची, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांची, उघडझाप पोटॅशियमवर चालते, ते काम सोडियमला नीट जमत नाही. मातीत तर खाऱ्या पाण्यातून आलेला सोडियम स्वतःभोवती पाणी धरून बसतो, चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात. मग पाणी मुरत नाही.

धागाकर्ती:
हे कळलं! कृषी सहायक जिप्सम टाकायला सांगतात, तेही यातच बसतं का?

प्रतिसाद:
अगदी. जिप्सममध्ये कॅल्शियम, म्हणजे गण २. तो दोन इलेक्ट्रॉन देतो, त्याच्या आयनावर दोन धनप्रभार. मातीचे कण ऋणप्रभारित, त्यांना तो घट्ट धरतो आणि सोडियमला हुसकावतो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो, फक्त निचरा चांगला हवा. मुलांना दाखवा: दोन बाटल्यांत तीच माती आणि पावसाचं पाणी ढवळा, एकीत चमचाभर जिप्सम घाला. जिप्समवालीतलं पाणी आधी नितळ होईल.

धागाकर्ती:
जिप्सम त्याच मुलाच्या घरी आहे. माती त्याच्याच वावरातली आणायला सांगते. सोमवारी करतो आम्ही.