शेवळाची भाजी घशाला खाजली. काकडे नेमकी किती घालावीत?

प्रश्न : डोंबिवलीची सून

नमस्कार. मृगाच्या सरी सुरू झाल्यावर गेल्या रविवारी स्टेशनबाहेर बसलेल्या मावशींकडून मी शेवळांच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या या रानभाजीच्या, दोन जुड्या घेतल्या. सासूबाई दर जूनमध्ये कोलंबी घालून ही भाजी करत असत. त्या गेल्यानंतर घरात ती झालीच नव्हती. मावशींनी जुड्यांसोबत लहान आवळ्यासारखी हिरवी फळे दिली होती, पण ती केवळ चवीपुरती असावीत असे समजून मी चारच ठेचून घातली. भाजी मऊ शिजली, वासही अगदी ओळखीचा आला. मात्र दुसऱ्या घासालाच सर्वांचा घसा खवखवू लागला आणि सगळी भाजी टाकून द्यावी लागली. माझे नेमके काय चुकले, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद : मुरबाडचे माहेर

ताई, ती फळे म्हणजे काकडे, आणि या भाजीची खाज तीच मोडतात; त्यामुळे चार फळांनी भागणार नाही. आमच्याकडे दोन जुड्यांना 10-12 काकडे घेतात. ती ठेचून, बिया काढून, पाण्यात कुस्करून त्यांचा रस गाळून घ्यावा. काकडे मिळाली नाहीत तर चिंचेचा घट्ट कोळ किंवा आमसुले चालतात, पण काकडाच्या आंबटपणाची सर त्यांना येत नाही.

निवडण्यातही चूक होते. हाताला तेल लावून बसावे, बाहेरचे जांभळट आवरण सोलावे आणि आतल्या दांड्याच्या तळाशी असलेला पिवळसर, दाणेदार भाग न चुकता काढून टाकावा, कारण आमच्या आईच्या सांगण्याप्रमाणे सर्वाधिक खाज तिथेच असते. उरलेला दांडा बारीक चिरून तेलावर चांगला परतावा, त्यावर काकडाचा रस घालून पूर्ण शिजवावा आणि मगच कांदा, मसाला व कोलंबी यांच्याकडे वळावे. शाकाहारी घरांत कोलंबीऐवजी वाल किंवा हरभऱ्याची डाळ घालतात. मसाला घालण्याआधी शिजलेला कणभर तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. चुणचुणले तर आणखी रस घालून पुन्हा शिजवावे. कच्चे मात्र कधीही चाखू नये.

प्रतिसाद : वनस्पतिशास्त्राचा निवृत्त शिक्षक

वरील कृती योग्यच आहे. शेवळ हे सुरणाच्याच कुळातले, किंबहुना त्याच वंशातले (genus) भावंड आहे, आणि दोघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाच्या त्वचेत रुतल्यामुळे खवखव होते. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसते उकळून भागत नाही. सुरणाला आपण चिंच किंवा आमसूल लावतो, तोच हा घरोघरचा अनुभव आहे. खवखव बहुधा काही वेळाने शमते. परंतु ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला अडथळा वाटला, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

स्वतः रानात जाऊन खुडणाऱ्यांना एक विनंती करतो. याच दिवसांत घाटात नागाच्या फण्यासारखे पांढरे आवरण असलेला सापकांदा उगवतो. त्याला शेवळ समजू नये. दुसरे असे की, शेवळात पाने येण्याआधी जमिनीतल्या कंदातून थेट फुलोरा वर येतो आणि आपण भाजी म्हणून खातो तो हा फुलोराच. तो खुडला की त्या वर्षी त्या झाडाला फळ नाही आणि बीही नाही. कंद जिवंत राहतो, म्हणून शेवळ हाताने किंवा विळ्याने जमिनीलगत काढावे, कंद उपटू नये आणि एका ठिकाणची काही शेवळे तरी अवश्य राखावीत. ठाकर आणि कातकरी बायांच्या पावसाळ्यातल्या कमाईत या जुड्यांचा वाटा असतो, त्यामुळे ही राखण त्यांच्याही हिताची आहे.

प्रतिसाद : डोंबिवलीची सून

आपणा दोघांचे मनापासून आभार. तो पिवळा भाग मी काढलाच नव्हता, हे वाचताना लक्षात आले. आज पुन्हा त्याच मावशींकडे गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच एक शेवळ सोलून, अंगठ्याने तो दाणेदार भाग खुडून दाखवला आणि काकडे पदरात जास्तीची घातली. सध्या रस गाळून ठेवला आहे. शेवळांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असल्याने एक शंका आहे : काही घरांत शेवळे चिरून, वाळवून वर्षभर ठेवतात असे ऐकले आहे, तर तो पिवळा भाग वाळवण्याआधी काढावा की शिजवताना?

प्रतिसाद : मुरबाडचे माहेर

आधीच काढावा, ताई. वाळल्यावर कोणता तुकडा कुठला, हे ओळखता येत नाही. आणि वाळवलेल्या शेवळांनाही शिजवताना आंबट घालावेच लागते.