ड्रोनसमोर हात वर करणाऱ्या सैनिकाचे काय करायचे?

साशंक:
युद्धातील ड्रोनच्या नीतिमत्तेविषयीचे वाद बहुतेक वेळा ‘हजारो किलोमीटर दूर बसून कळ दाबणारा सैनिक शूर म्हणायचा की भेकड’ या प्रश्नापाशीच घुटमळतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. दुरून मारण्याबद्दलची कुरकुर फार जुनी आहे. ११३९ सालच्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती माणसांवर धनुष्यबाण आणि यांत्रिक धनुष्य चालवण्यास बंदी घातली होती आणि ती फारशी कोणी जुमानली नाही.

माझी अडचण वेगळी आहे. युक्रेनच्या युद्धातील काही चित्रफितींमध्ये खंदकाच्या तळाशी एकटा सैनिक दिसतो. तो बंदूक बाजूला टाकतो, हात वर करतो, मग ते जोडतो आणि स्वतःकडे बोट दाखवून काहीतरी सांगू पाहतो. मे २०२३ मध्ये बाखमुतजवळ एका रशियन सैनिकाने अशा खुणा केल्या, तेव्हा युक्रेनी चालकांनी वरून चिठ्ठी टाकून त्याला ड्रोनच्या मागोमाग यायला सांगितले आणि तो जिवंत त्यांच्या हाती आला. पण एरवी काय? स्फोटके बांधलेला छोटा ड्रोन कोणाला कैद करू शकत नाही, परत नेण्याइतकी त्याची बॅटरी अनेकदा उरलेली नसते आणि चालकाला तर त्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत असतो. अशा वेळी चालकाचे कर्तव्य काय, आणि इतके स्पष्ट दिसल्यामुळे त्याची जबाबदारी वाढते का?

कलमवाला:
कायद्यापुरते बोलायचे तर उत्तर बरेच स्पष्ट आहे. रणांगणावर मात्र ते ‘नरो वा कुंजरो वा’ होऊन बसते.

शस्त्र खाली ठेवून शरण आलेल्या शत्रूला मारण्यास १९०७ च्या हेग नियमावलीचे कलम २३ मनाई करते. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ४१ प्रमाणे, शरण येण्याचा हेतू ज्याने स्पष्टपणे व्यक्त केला आहे, तो पळण्याचा किंवा लढण्याचा प्रयत्न करत नाही तोवर त्याच्यावर हल्ला करता येत नाही. अमेरिकेसह काही देशांनी हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, परंतु शरणागताला अभय देण्याचा नियम रूढ कायद्याचा, म्हणजे देशांच्या दीर्घ प्रथेतून बनलेल्या आणि सर्वांना लागू होणाऱ्या कायद्याचा, भाग असल्याने तो त्यांच्यावरही बंधनकारक आहे. इथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो: हल्ल्यापूर्वी शत्रूला शरण येण्याची संधी देण्याची सक्ती कायदा करत नाही, शरणागती स्पष्टपणे दिसल्यावर मात्र तिच्याकडे डोळेझाक करण्याची मुभा देत नाही.

‘आम्ही त्याला पकडणार कसे’ या सबबीचे उत्तर त्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात सापडते, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. युद्धाच्या असाधारण परिस्थितीमुळे कैद्याला मागे नेणे शक्य नसेल, तर त्याला सोडून द्यावे आणि त्याच्या सुरक्षिततेची शक्य तेवढी काळजी घ्यावी, असे तिथे म्हटले आहे. हे लिहिताना शत्रूच्या प्रदेशात दूरवर गेलेल्या छोट्या गस्ती तुकड्या डोळ्यांसमोर होत्या. ड्रोनखाली उभा असलेला माणूस ‘ताब्यात’ आला असे म्हणायचे का, यावर वकिलांनी खुशाल भांडावे, पण मला तरी या परिच्छेदाचा आशय ड्रोनला चपखल लागू पडतो असे वाटते. पकडता येत नसेल तर सोडावे लागते.

जाता जाता सांगतो, हा प्रसंग युक्रेनमध्ये पहिल्यांदा घडलेला नाही. १९९१ च्या आखाती युद्धात फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी अमेरिकी युद्धनौकेवरून सोडलेल्या ‘पायोनियर’ या टेहळणी विमानाला पाहून पांढरी फडकी दाखवली होती. त्या विमानावर शस्त्र नव्हते. त्याच्या पाठोपाठ नौकेच्या तोफा आग ओकतात, हे मात्र त्यांना अनुभवाने कळले होते.

निवृत्त_तोफची:
मी तोफखान्यात होतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. आमच्या हाती आकडे येत असत: दिशा, पल्ला, दारूचा भार. गोळा सुटल्यावर पुढच्या निरीक्षकाचा आवाज यायचा, ‘उजवीकडे पन्नास, पुढे शंभर’, आणि आम्ही चाक फिरवायचो. तिकडे कोणी हात वर केले असतील का, हा प्रश्न आम्हाला पडला नाही, कारण तो पडण्याची सोयच नव्हती. ते अज्ञान म्हणजे आमचे पुण्य नव्हते, पण आडोसा नक्कीच होता. ड्रोनचालकाला तो आडोसा नाही, आणि म्हणून त्याची जबाबदारी माझ्याहून मोठी आहे असे मी मानतो.

तरीही ‘दिसते’ या शब्दावर फार विसंबू नका. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनांनी एका पांढऱ्या मोटारीवर सुमारे आठ तास पाळत ठेवली आणि अखेर तिच्यावर क्षेपणास्त्र सोडले. १० नागरिक मेले, त्यांत ७ मुले होती. मोटारीत ठेवलेली पाण्याची पिंपे पाहणाऱ्यांना स्फोटके वाटली होती, आणि ती चालवणारा माणूस एका मदत संस्थेत काम करणारा निघाला. कॅमेऱ्यात दोष नव्हता. सकाळी ‘हाच तो’ असे एकदा मनाने घेतले, की नंतरचे प्रत्येक दृश्य त्याच ठशात बसत जाते. चूक जाहीरपणे मान्य झाली. शिक्षा कोणालाच झाली नाही.

खिडकीपाशी:
चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण सैनिकाच्या शरणागतीवर एवढी शाई खर्च करताना मूळ दुखणे बाजूला राहते, असे मला नम्रपणे वाटते. युक्रेनच्या खेरसोन शहरात नीपर नदीच्या पलीकडून येणारे छोटे रशियन ड्रोन पायी चालणाऱ्या, सायकलवरून जाणाऱ्या साध्या नागरिकांचा आणि रुग्णवाहिकांचा पाठलाग करतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले. तिथे ओळखण्यात गफलत झालेली नाही. चालकाला बाई दिसते, तिच्या हातातली पिशवी दिसते, आणि तरीही तो ड्रोन तिच्यावर घालतो. काबूलचा धडा ‘नीट पाहा’ असा असेल, तर खेरसोनमध्ये तो अपुरा पडतो. नीट पाहूनच तर हे चालले आहे. शिवाय प्रत्येक हल्ल्याची चित्रफीत निघते आणि ती संगीत लावून समाजमाध्यमांवर टाकली जाते. जो कॅमेरा चालकाला आवर घालील असे आपण समजत होतो, त्याने मारण्याचा तमाशा करून टाकला आहे.

कलमवाला:
खिडकीपाशी, तुमचे म्हणणे मान्य आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. त्या चित्रफिती पुराव्याच्याही कामी येतात, आणि आयोगाने अशा शेकडो चित्रफिती तपासल्या आहेत. गुन्हेगार स्वतःच्या हाताने पंचनामा लिहून देतो, असे युद्धात क्वचितच घडत असेल.

साशंक:
सर्वांचे आभार. तोफचींच्या ‘आडोसा’ या शब्दाने माझा प्रश्न पुढे सरकला आहे. संदेशलहरी जॅम केल्या जात असल्यामुळे काही ड्रोनांत आता अशी सोय आहे की चालकाने पडद्यावर लक्ष्य निवडले की शेवटचे काही शेकडो मीटर यंत्र आपले आपण पार करते, आणि मधल्या काळात संपर्क तुटला तरी त्याला फरक पडत नाही. म्हणजे त्या सैनिकाने नेमके तेव्हा हात वर केले, तर ते पाहायला कोणीच नसते. स्वायत्त शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणाऱ्या ठरावाच्या बाजूने डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ देशांनी आणि विरोधात ४ देशांनी मत दिले, पण बंधनकारक करार अजून झालेला नाही. तोफची, हा ड्रोन म्हणजे शेवटी तुमचा सुटलेला गोळाच नव्हे काय?

निवृत्त_तोफची:
जवळजवळ तोच. आमचा गोळा अर्धे-पाऊण मिनिट हवेत असायचा आणि तेवढ्या वेळात आम्हालाही काही बदलता येत नसे. फरक इतकाच की गोळा परत बोलावण्याची युक्ती कोणालाच ठाऊक नव्हती. इथे ती सोय हाताशी होती, आणि लक्ष्य चुकू नये म्हणून कोणीतरी ती विचारपूर्वक काढून टाकली. त्या सैनिकाचे हात न दिसल्याबद्दल मी चालकाला दोष देणार नाही. ज्याने तो आराखडा मंजूर केला, त्याला देईन.